लाइनवाल्यांनी केलेलं भाषांतर

आमच्या शेजारचे लाइनवाले सव्वीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. परदेशचे फोन जोडता जोडता ते तिकडची भाषा शिकले, आणि निवृत्तीनंतर तीच कामी आली. टेकडीवरच्या जुन्या शाळेत एक केंद्र निघालं होतं. तिथे दरवर्षी देशोदेशीचे शिक्षक तीन आठवडे राहून अहिंसा शिकायचे. सकाळी वर्ग, दुपारी लोकांच्या घरी जाऊन त्यांच्या कामाला हात लावायचा, गप्पा मारायच्या, आणि आपल्या शाळेतल्या पोरांना यातलं काय शिकवायचं ते वहीत उतरवायचं. त्यांचं आम्हाला आणि आमचं त्यांना समजावून सांगायचं काम लाइनवाल्यांकडे.

शिक्षक आमच्याकडेच का यायचे? वीस वर्षांपूर्वी आजूबाजूला सगळीकडे जाळपोळ झाली, आमच्याकडे झाली नाही. खालच्या गल्लीत रंगारी राहतात. दोन पिढ्यांपूर्वी ते इथे आले, तरी लोकांच्या लेखी अजून बाहेरचेच. त्यांच्यावर चालून येणाऱ्या जमावासमोर साठेक माणसं पुलावर बसून राहिली आणि जमाव माघारी फिरला. ही हकिगत लाइनवाले दरवर्षी सांगायचे, आणि छान सांगायचे.

छान सांगणं हा त्यांचा गुणही होता आणि खोडही. वाणी कुरकुरायचा, "आले पुन्हा फोटो काढायला!" लाइनवाले पाहुण्यांना सांगायचे, "तुम्ही आलात म्हणून त्यांना आनंद झालाय." त्यांची बायको एकदा म्हणाली, "अहो, तुम्ही भाषांतर करता की इस्त्री?" ते हसले. "सुरकुत्या दाखवून कुणाचं भलं झालंय?"

त्या वर्षी चौदा शिक्षक आले. त्यांत पहिलीच्या वर्गाला शिकवणाऱ्या एक उंच, शांत बाई होत्या. यायच्या आधी दोन महिने खपून त्या आमची अक्षरं शिकल्या होत्या. रस्त्याने चालताना दुकानांच्या पाट्या बोट ठेवून मोठ्याने वाचायच्या, थेट पहिलीतल्या पोरासारख्या. आम्हाला गंमत वाटायची.

दुसऱ्या आठवड्यात खालच्या गल्लीत दोन माणसं रजिस्टर घेऊन फिरताना दिसली. घरात माणसं किती, म्हातारी किती, मागे दार आहे का, असं विचारत होती.

"हे काय लिहितायत?" बाईंनी विचारलं.

"नळांची नोंद," लाइनवाले म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दारांवर चुन्याने आकडे पडले. बावीस दारं, बावीस आकडे. वरच्या गल्लीत एकही नाही. दूधवाला खालच्या गल्लीच्या तोंडाशी सायकलचा वेग वाढवायला लागला. शाळेत रंगाऱ्यांची पोरं मागच्या बाकावर गेली, आणि दोन दिवसांनी तो बाक रिकामा राहिला. कुणी कुणाला काही म्हणालं नाही. मग एका सकाळी पुलाच्या कठड्यावर मोठी अक्षरं उमटली. बाई थांबल्या आणि बोट ठेवून वाचू लागल्या, "शु-क्र-वा-री... सा-फ-स-फा-ई."

"शहर स्वच्छतेची मोहीम आहे," लाइनवाले घाईने म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "माझ्या वर्गातली मुलं खोटं बोलताना तुमच्यासारखीच आधी घसा खाकरतात," एवढंच म्हणून त्या पुढे गेल्या.

त्या दुपारी लाइनवाले खालच्या गल्लीत गेले. थोरला रंगारी त्यांचा लहानपणापासूनचा मित्र, कोपरापर्यंत हात कायम निळे. तो पिंपातलं कापड काठीने ढवळत होता.

"ये. नळांची नोंद म्हणालास म्हणे," त्याने मान वर न करता म्हटलं. "मागच्या दाराला नळ असतो का रे?"

लाइनवाले पिंपातल्या कापडाकडे बघत राहिले.

"मागच्या वेळीही तू गप्पच होतास. पुलावर नव्हतास तू. एक्स्चेंजमध्ये होतास."

"माझी ड्युटी होती."

"ठाऊक आहे. शेजारच्या गावाला फोन कोण जोडत होतं, तेही ठाऊक आहे."

वीस वर्षं लाइनवाल्यांनी हे बायकोलाही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी लाइनवर त्यांनी सगळं ऐकलं होतं, कुठली वस्ती, किती वाजता, रॉकेल कुठून आणायचं. मग प्लग काढून त्यांनी पुढचा फोन जोडला होता. जोडणं आपलं काम, ऐकणं नव्हे, अशी मनाची समजूत घातली होती. शेजारच्या गावात चाळीस घरं गेली.

"मग इतकी वर्षं माझ्याशी बोलतोस कसा?" त्यांनी विचारलं.

"दुसरं कोण आहे बोलायला?" रंगारी म्हणाला आणि पुन्हा कापड ढवळू लागला.

गुरुवारी दुपारी निरोपाचा कार्यक्रम होता. सभागृह भरलं होतं. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. नगर समितीचे अध्यक्ष, लाकडाच्या वखारीचे मालक, माइकसमोर उभे राहिले. आधी पाहुण्यांचं कौतुक झालं. मग आवाज जरा खाली आला.

"पाहुणे उद्या सकाळी निघतील. पाहुण्यांसमोर घर झाडू नये, एवढं आपल्याला कळतं. ते गेले, की खालची बाजू झाडून काढू. ज्यांना धूळ सोसत नाही, त्यांनी आधीच उठावं. आणि या वेळी पुलावर कुणी बसणार नाही, ती व्यवस्था केलेली आहे."

मागे हशा पिकला. मी हसलो नाही, पण उठलोही नाही.

लाइनवाल्यांनी माइक हातात घेतला. ते पाहुण्यांच्या भाषेत बोलू लागले, हळूहळू, एकेक शब्द तोलून. पाहुण्यांचे चेहरे उतरत गेले. एकाचं पेन खाली पडलं. ते उचलायला कुणी वाकलं नाही.

अध्यक्षांनी विचारलं, "इतका वेळ काय सांगितलंत?"

"तुम्ही म्हणालात तेच. जसंच्या तसं."

"म्हणजे काय?"

"आपल्या भाषेतही सांगतो," लाइनवाले म्हणाले, आणि सभागृहाकडे वळले. "खालच्या गल्लीत बावीस दारांवर आकडे आहेत. रजिस्टरमध्ये माणसं मोजली आहेत, मागची दारं मोजली आहेत. उद्या पाहुण्यांची बस गेली, की त्या घरांवर जायचं ठरलंय. साफसफाई म्हणजे हे. मागच्या वेळी मी फोनवर असंच ऐकलं होतं आणि मूग गिळून बसलो होतो. शेजारच्या गावात चाळीस घरं जळाली. आज मी ऐकलं, आणि तुम्हीही ऐकलंत. आता कुणी म्हणू नका, आम्हाला माहीत नव्हतं."

कुणी टाळी वाजवली नाही. अध्यक्ष हसून म्हणाले, "वयानुसार होतं असं," आणि निघून गेले. त्यांच्या मागोमाग निम्मं सभागृह रिकामं झालं.

शुक्रवारी सकाळी बस आली. नऊ शिक्षक तिच्यात बसले. त्यांतला एक रडत होता, पण बसला. पाच जण राहिले. पहिलीच्या बाई थोरल्या रंगाऱ्याच्या पायरीवर जाऊन बसल्या. शेजारी लाइनवाले बसले, त्यांच्यापलीकडे त्यांची बायको, हातात निवडायचे तांदूळ घेऊन. अकराच्या सुमारास मीही गेलो. उशिराच गेलो, हे कबूल करतो. पायऱ्यांवर बसलेले सगळे मिळून आम्ही सतरा होतो.

बाराला एक ट्रक गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. मागे वीस-पंचवीस माणसं. त्यांतले निम्मे माझ्या ओळखीचे. एकाच्या लग्नात मी जेवलो होतो. इंजिन चालूच होतं. कुणी उतरलं नाही, कुणी बोललं नाही. ते आमच्याकडे बघत राहिले, एकेका चेहऱ्यावर थांबत, सावकाश. तासाभराने ट्रक मागे फिरला.

तो विजय होता असं पाहुण्यांना वाटलं. थोरला रंगारी म्हणाला, "मोजून गेले."

महिनाभरात बावीसपैकी नऊ कुटुंबं सामान बांधून निघून गेली. केंद्राची परवानगी काढून घेतली, कारण दिलं इमारतीच्या दुरुस्तीचं. पाचही शिक्षकांना परत जावं लागलं. अध्यक्ष पुन्हा निवडून आले, बिनविरोध. ट्रक अजून येतो, कधी आठवड्याने, कधी दोन दिवसांनी. थांबतो आणि जातो. लाइनवाले रोज दहा ते एक खालच्या गल्लीत जाऊन बसतात. मीही जातो, रोज नाही.

परवा मी त्यांच्याकडे गेलो होतो. त्यांची बायको म्हणाली, "एवढं खरं बोलायला लागलात, तर मलाही एक खरं सांगा. भीती वाटते?"

"वाटते," ते म्हणाले. "फार वाटते."

तिने मान हलवली. रस्त्याकडच्या खिडकीखाली त्यांची खाट होती. तिचं एक टोक तिने उचललं, दुसरं त्यांनी धरलं, आणि दोघांनी मिळून ती आतल्या भिंतीला नेऊन लावली.