देव झोपला होता तेव्हाची खीर

देवाला भूक लागते का, हा सवाल मला लहानपणापासून पडतो. विचारला की पाठीत धपाटा मिळायचा, म्हणून विचारणं सोडलं. पण पडायचा तो पडतच राहिला. मी काही शिकलेला माणूस नाही. मी शाळा सोडली की शाळेने मला सोडलं, यावर आमच्या घरात अजून दोन मतं आहेत. ग्वाल्हेरात लग्नांच्या वरातीत बॅन्डबरोबर झांजा वाजवतो. मला ट्रम्पेट पाहिजे होता, पण उस्ताद म्हणाले, तुझ्या फुंकेने मेणबत्तीसुद्धा विझायची नाही. तर झांजा. हे सगळं मी बोलतो आहे आणि माझी बायको शुभा लिहून घेते आहे. मी जिथे स्वतःला शहाणा दाखवायला जातो तिथे ती पेन खाली ठेवते, त्यामुळे खोटं काही यात जायची भीती नाही.

गोष्ट आमच्या मुलीच्या जन्माची आहे. आम्ही शिंदे की छावनीत राहतो. आमचे पूर्वज दक्खनेतून फौजेबरोबर इकडे आले, आणि येताना तलवारी आणल्या की नाही पता नाही, नियम मात्र पोतंभर आणले. त्यातला एक नियम असा. घरच्या सुनेला कळा सुरू झाल्या की सोवळ्यात गव्हल्यांची खीर करायची. जो बाप होणार त्याने स्वतःच्या हातांनी ती खासगी बाजारातल्या दत्ताला नेऊन दाखवायची. वाटेत डबा जमिनीला टेकता कामा नये, झाकण उघडता कामा नये, वाससुद्धा घ्यायचा नाही. आणि नैवेद्य देवापर्यंत पोचेपर्यंत सुनेच्या तोंडात पळीभर तीर्थाशिवाय काही जायचं नाही. बापाचाही उपास. आईने हे सगळं आपल्या बाळंतपणात पाळलं होतं, मी सुखरूप निघालो होतो, आणि मला बघूनही तिचा त्या नियमावरचा विश्वास उडाला नाही, यावरून समजा तो किती पक्का असेल.

शुभाला पहाटे कळा सुरू झाल्या. शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुरारच्या एका लहानशा नर्सिंग होममध्ये नाव घातलं होतं, तिथे तिला नेलं. आई घरी खीर करायला थांबली. पहिलंच बाळ, कळा यायच्या आणि जायच्या, पुढे काही सरकत नव्हतं. आदल्या रात्रीही तिला जेवण गेलं नव्हतं. तिथल्या सिस्टरनी मला बाहेर बोलावून विचारलं, "भैया, इसने सुबह से क्या खाया?" मी मोठ्या अभिमानाने म्हटलं, "तीर्थ." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग आत जाऊन डॉक्टरीणबाईंना विचारून आल्या आणि म्हणाल्या, "मैडम कह रही हैं, इसको कोई दिक्कत नहीं है. पानी पिलाओ, पतला-हल्का थोड़ा थोड़ा खिलाओ. कुश्ती लड़ने भेज रहे हो और वो भी भूखा?"

मी पाण्याचा पेला भरला, आणि तेवढ्यात आई डबा घेऊन दारात. "ठेव तो पेला खाली," आई म्हणाली. मी ठेवला. बत्तीस वर्षांचा घोडा मी, पण आई ठेव म्हणाली की हात आपोआप खाली जातो. आईने सिस्टरना सांगितलं, आमच्यात नाही चालत, पोटात काही असलं की उलट्या होतात, माझ्या जावेला झाल्या होत्या. सिस्टर म्हणाल्या, उलटी हुई तो पोंछ देंगे, अम्मा. आईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आई वाईट नव्हती हो. तिने स्वतःही सकाळपासून थेंब घेतला नव्हता. भिऊन होती बिचारी. आणि माझं म्हणाल तर मला दोन्हीकडची भीती. डॉक्टरीणबाई सांगून गेल्या होत्या की पोरगी थकून चालली आहे, जोर लावायच्या वेळी अंगात काही उरलं नाही तर पुढचा विचार करावा लागेल. तो पुढचा विचार म्हणजे काय, हे मला विचारायची हिंमत झाली नाही. दुसरीकडे नियम मोडला आणि काही कमी-जास्त झालं तर? आत दोन जीव होते. आईच्या हातातला डबा घेऊन मी निघालो तेव्हा शुभा भिंतीला धरून उभी होती. म्हणाली, "अहो, लवकर या. फार भूक लागली आहे." एवढंच. तक्रार नाही, काही नाही.

मुरारहून शहराच्या लष्कर भागात, म्हणजे खासगी बाजाराकडे, जायला टेंपो पकडला. डबा मांडीवर ठेवला तर मांडी म्हणजे जमीन धरायची की नाही, हे आईला विचारायचं राहिलं होतं, म्हणून दोन्ही हातांनी छातीशी धरून बसलो. वाटेत जाम. शेजारचे गृहस्थ म्हणाले, टाइमबम है क्या? मी म्हटलं, खीर है. ते तरीही सरकून बसले. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा माझे दोन्ही हात गुंतलेले, टेंपोवाल्यालाच म्हटलं खिशातून काढून घे. त्याने काढून घेतले. जास्त घेतले असतील तर दत्त बघून घेईल.

आणि मंदिरासमोर येऊन बघतो तर दार बंद. दुपारची वेळ. देव झोपले होते. या मंदिराच्या पायऱ्यांवर मी गोट्या खेळून वाढलो, दुपारी दार बंद होतं म्हणूनच तर इथे खेळायला मिळायचं, आणि नेमकी तीच गोष्ट मी विसरलो. पुजारीबुवा कुलूप लावून घरी गेलेले. संध्याकाळशिवाय दार उघडणार नाही. हातात डबा, खाली ठेवता येत नाही, घरी नेता येत नाही, देवाला देता येत नाही. वरातीत नवऱ्याची घोडी पळून गेल्यावर बॅन्डवाले जसे वाजवायचं की नाही या विचारात उभे राहतात, तसा उभा राहिलो. आणि मग, सांगायला लाज वाटते, मला रडू आलं. झांज वाजवणाऱ्याचं रडणं बारीक नसतं.

बाजूच्या सावलीत एक म्हातारी बसली होती. रोटी आणि कांदा खात होती. म्हणाली, "काहे रो रहे हो लला? का है डिब्बा में?" मला वाटलं मागते आहे, मी डबा घट्ट धरला. ती हसली. "हमें नईं चाहिए, हम तो खा रए." मग मी तिला सगळं सांगितलं. कळा, खीर, नियम, बंद दार. ती खाता खाता ऐकत होती. सगळं झाल्यावर तिने शेवटचा घास तोंडात टाकला, पदराला हात पुसला आणि म्हणाली, "भगवान तो सो रए हैं लला. बहू जग रई है. जो जग रओ है बाए खबा दे."

जो जागा आहे त्याला खाऊ घाल, एवढंच. इतकी साधी गोष्ट माझ्या डोक्यात का नाही आली, हा सवाल नाही, माझ्या डोक्यात फार गोष्टी येत नाहीत. सवाल हा की मी तर त्या दारासमोर देवाला हाका मारत होतो, मग उत्तर सावलीतून कसं आलं? लोक म्हणतील आता ही म्हातारी अदृश्य झाली असेल. नाही झाली. पुढे बारशाचे पेढे घेऊन गेलो तर तिथेच बसली होती. मी पाया पडलो, म्हटलं अम्मा, तुम्ही बहूला खीर खिलाने को बोला था. म्हणाली, "कौन बहू? कैसी खीर?" तिला काही आठवत नव्हतं. पेढे मात्र तिने दोन घेतले. मी त्यावर खूप विचार केला आहे. ते शब्द तिचे असते तर तिला आठवले असते, असं एकदा वाटतं. मग वाटतं, म्हातारं माणूस, विसरलं. दोन्ही खरं असेल. मला ते सोडवता येत नाही आणि आता सोडवावंसंही वाटत नाही.

त्या दुपारी मी दाराजवळ गेलो, फटीला तोंड लावलं आणि हळू आवाजात म्हटलं, "देवा, तू झोप. मी ही खीर जरा घेऊन जातो. राग आला तर माझ्यावर काढ, तिच्यावर नको." आतून काही आवाज आला नाही. मी ते होकार समजलो.

परत पोचलो तर आई बाहेर बाकावर जप करत होती. "पोचला नैवेद्य?" मी म्हटलं, "पोचतोय, आई," आणि थांबलो नाही. सिस्टरनी मला आत घेतलं. शुभा कुशीवर पडली होती, ओठ सुकलेले. मी डबा स्टुलावर ठेवला, झाकण उघडलं. देवाच्या आधी नैवेद्य कसा दिसतो हे जन्मात पहिल्यांदा बघितलं. आणि माझा हात, सवयीचा गुलाम, पेल्यातलं पाणी घेऊन डब्याभोवती फिरला. तोंडाने प्राणाय स्वाहा सुरू झालं. मान वर केली तर समोर शुभा. घामाने केस कपाळाला चिकटलेले, पोटावर हात, माझ्याकडे बघते आहे. मला काय झालं सांगता येत नाही. आयुष्यभर नैवेद्य दाखवला, पण समोरून कोणी त्याची वाट बघतं आहे, असं कधी दिसलं नव्हतं. माझे हात जोडले गेले. ती म्हणाली, "अहो, पूजा नंतर करा. आधी द्या."

चमचा चमचा दिली. कळ आली की थांबायचं, गेली की एक चमचा, मग घोटभर पाणी. एका कळेत तिने माझा हात असा पिळला की पुढच्या दोन वरातींत झांजा नुसत्या धरून चाललो. हळूहळू तिच्या तोंडावर रंग आला. मग कळा जवळजवळ यायला लागल्या. सिस्टर म्हणाल्या, अब आ रही है बात. खिरीने झालं का? डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या, पहिल्या वेळी असंच अडून अडून होतं, मग आपोआप वेग येतो. असेल. मी वाद घालत नाही. मला तर शेवटचं काही दिसलंच नाही, कारण ऐन वेळी मी उपाशीपोटी चक्कर येऊन खाली गेलो. मुलीचा पहिला आवाज मी फरशीवरून ऐकला. सिस्टर एका हाताने मला साखरपाणी पाजत म्हणत होत्या, "इसको भी किसी ने कुछ नहीं खिलाया क्या?"

आई आत आली. नातीला बघितलं, डोळे पुसले. मग तिची नजर रिकाम्या डब्यावर गेली. मग त्यातल्या चमच्यावर. मग माझ्यावर. मी फरशीवरूनच सांगून टाकलं, दार बंद होतं आई, देव झोपले होते. आईने डब्याचं झाकण लावलं. मला वाटलं, आता आयुष्यभराचं बोलणं बंद. मग ती शुभाजवळ बसली, तिच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि अगदी चोरट्या आवाजात विचारलं, "साखर बरोबर पडली होती का गं?"

शुभा दमलेली होती, खोटं बोलायची ताकद नव्हती. म्हणाली, "जरा कमी होती, आई."

"कमी?" आई म्हणाली. "मी कधी चाखलीच नाही ना. लग्न झाल्यापासून करते आहे. नैवेद्य कोण चाखतं? मग इतकी वर्षं कमीच जात असेल." आणि खिडकीतून लष्कराच्या, दत्ताच्या देवळाच्या बाजूला बघत राहिली. "कधी बोलला नाही बघ. जसं दिलं तसं खाल्लं."

तिच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. नवल होतं. तेव्हा मला कळलं की माझा तो लहानपणीचा सवाल माझ्या आईच्या मनातही होता, फक्त तिला तो विचारून धपाटा खायचीही सोय नव्हती. मी आजही फार काही समजलेला माणूस नाही. पण हातात जे आहे ते कुठे पोचवायचं, हे आपण ठरवतो असं मला आता वाटत नाही. आपण घेऊन निघायचं. दार बंद असेल तर रुसायचं नाही. ज्याच्यासाठी आहे तो कुठे तरी भुकेला जागा असतो, आणि ज्याने त्या दुपारी मला दारावरून वळवलं त्याला, तो जागा असो की झोपलेला, माझा नमस्कार.