सुईला घाबरणाऱ्यांनी महाबळेश्वरला जावे

व्हिसाच्या ऑफिसात काम करते म्हटलं की मैत्रिणी विचारतात, "दिवसभर नुसते कागद तपासायचे, कंटाळा येत नाही का गं?" कागद कसले, माणसं तपासते मी. त्यात आमच्याकडे येतात ती आफ्रिकेला निघालेली. थायलंडला जाणारा माणूस सरळ असतो, त्याला फक्त स्वस्त हवं असतं. आफ्रिकेला जाणाऱ्याच्या डोक्यात काय काय असतं ते विचारूच नका. एक किस्सा सांगून होतोय तोवर दुसरा दारात चपला काढत असतो.

मार्केट यार्डाच्या मागच्या बाजूला आमचं ऑफिस. मालक पेंडसे सर. अर्ध्या पुण्याला त्यांनी आफ्रिका दाखवली, पण स्वतःच्या पासपोर्टवर एक शिक्का नाही. त्यांची एकुलती एक मुलगी मुग्धा लग्न होऊन कंपालाला, म्हणजे युगांडाच्या राजधानीत गेली. वहिनी दोनदा जाऊन आल्या. सरांना विचारलं की म्हणणार, "सध्या सीझन आहे." बाराही महिने यांचा सीझन!

खरं कारण आम्हाला ठाऊक होतं. युगांडाच्या व्हिसाला पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड जोडावं लागतं. आणि सर सुईला घाबरतात. साधं रक्त तपासायला गेले तरी लॅबच्या पायरीवरून परत येतात.

आणि भिंतीवरची पाटी लावली कुणी? यांनीच. "लस घेतल्याशिवाय व्हिसाची चौकशी करू नये. सुईला घाबरणाऱ्यांनी महाबळेश्वरला जावे."

*

यार्डातले एक कांद्याचे व्यापारी आले होते. भाच्याने युगांडात दुकान टाकलंय, ते बघायला जायचं होतं. फोटो आणला तो टोपी घातलेला.

सर म्हणाले, "टोपी काढून फोटो हवा. मागे पांढरा पडदा."

"साहेब, टोपी काढली तर मला घरचे ओळखत नाहीत. युगांडावाले कुठून ओळखणार?"

"त्यांनी तुम्हाला टोपीतही पाहिलेलं नाही."

दोन दिवसांनी नवा फोटो आला. जन्मभर टोपी घातलेला माणूस तो, भुवयांपर्यंत उन्हाने रापलेला आणि वर एकदम गोरापान. सरांनी फोटो हातात धरून बराच वेळ पाहिला. म्हणाले, "पांढरं मागे सांगितलं होतं. तुम्ही वर घेतलंत."

*

नदीकाठी राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका. मी त्यांना समजावत होते की जाण्याआधी डॉक्टरांना विचारून मलेरियाच्या गोळ्या सुरू करा, पूर्ण बाह्यांचे कपडे घ्या, मच्छरदाणीत झोपा.

बाई हसल्या. "अगं, आमच्याकडे संध्याकाळी खिडकी उघडता येत नाही इतके डास. मला सवय आहे."

पलीकडून सरांनी मान वर न करता सांगितलं, "सवय तुम्हाला आहे हो. तिकडच्या डासांची आणि तुमची ओळख कुठे झालीय?"

*

हडपसरचा सकाळी फिरणाऱ्यांचा ग्रुप गोरिला बघायला निघाला. व्हिसा आला तेव्हा पेढे घेऊन सगळे ऑफिसात हजर, अंगात एकसारखे टी-शर्ट, डोक्यावर एकसारख्या टोप्या. हिरवे-तपकिरी ठिपके, थेट लष्करी. पुढारी होते तुपे अण्णा. छाती काढून म्हणाले, "कसं हाय? जंगलात शोभतंय का न्हाई?"

सरांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "युगांडात हे कपडे फक्त सैन्याला चालतात. बाकीच्यांनी घातले तर अटक. गोरिलाच्या आधी तुरुंग बघाल."

अण्णांचा चेहरा पडला. "मग निळे घेतो."

"निळ्यावर तिकडच्या चावऱ्या माश्या येतात."

"काळे?"

"काळ्यावरही येतात."

"मग आम्ही घालायचं तरी काय, साहेब?"

"लेंगा आणि बनियन घाला. गोरिला तुम्हाला बघायला येतील."

शेवटी मातकट रंगाचे शर्ट घेऊन मंडळी गेली आणि गोरिला बघून आली. ते टी-शर्ट मात्र वाया गेले नाहीत. अण्णांच्या गल्लीतला इस्त्रीवाला, दूधवाला आणि वॉचमन, सगळे आजही सीमेवर असल्यासारखे दिसतात.

*

हिंजवडीचा एक सॉफ्टवेअरवाला, रोहन. सहा फूट उंच, भरघोस दाढी. "सर, आज लस घेतो, उद्या निघतो. डन ना?"

"लस घेतल्यावर दहा दिवसांनी कार्ड लागू होतं."

"काही फास्ट ट्रॅक वगैरे?"

"तुमच्या शरीराला विचारून बघा."

रोहन जरा घुटमळला. मग हळूच विचारलं, "सर, खूप दुखतं का?"

सरांनी पाटीकडे बोट केलं. "एवढी दाढी वाढवून सुईला घाबरता? शोभतं का?"

मी घाईघाईने स्टेपलर शोधायला लागले.

*

आणि मग मुग्धाला मुलगी झाली. बाळंतपणाला वहिनी आधीच गेल्या होत्या. मुग्धाने ऑफिसातच व्हिडिओ कॉल केला. बाळ बघून सरांचे डोळे भरून आले, चष्मा पुसायचंही सुचेना.

"पप्पा, तुम्ही आल्याशिवाय बारसं करणार नाही. तोवर ही बिननावाची राहील."

"अगं, सीझन आहे..."

"राहू दे. मी थांबते. ती पण थांबेल."

झालं. येणारा प्रत्येक जण पेढा खाऊन विचारायचा, "नाव काय ठेवलं?" सर म्हणायचे, "ठरतंय." दोन आठवडे ठरत होतं. पाटीखाली बसलेला तो माणूस बघून मला खरंच वाईट वाटायचं.

एक दिवस ते माझ्या टेबलासमोर येऊन बसले, गिऱ्हाईक बसतं तसे. पुढे एक पत्र सरकवलं. त्यांच्या फॅमिली डॉक्टरचं. पेशंट नाजूक प्रकृतीचा असल्याने लस टाळावी म्हणे. नाजूक! सकाळी तीन प्लेट मिसळ खाणारा माणूस!

असली पत्रं आणणाऱ्यांना काय सांगायचं, ते सरांनीच मला शिकवलंय. मी पत्र परत सरकवलं आणि म्हटलं, "महाबळेश्वरची बस स्वारगेटवरून सुटते. पुढचे कोण?"

सरांनी पत्राची घडी घालून खिशात टाकली आणि बाहेर पडले.

*

पुढचं रोहनने सांगितलं. इतके दिवस चालढकल करून शेवटी लसीकरण केंद्रावर हा रांगेत, आणि याच्या मागे पेंडसे सर. दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि दोघांनीही भिंतीकडे पाहिलं. सिस्टरांनी रोहनला बोलावलं, तेव्हा सर म्हणाले, "मी येतो सोबत. तुम्हाला भीती वाटते ना." आत जाऊन त्यांनी रोहनचा हात जो धरला तो सोडेनात. त्याची लस झाली, सरांची झाली, सिस्टर पुढच्याला बोलवायला लागल्या, तरी हात धरलेलाच. "मॅडम, मला पार्किंगपर्यंत तसंच जावं लागलं," रोहन म्हणाला.

दहा दिवस झाले, व्हिसा आला, सर गेले. बारसं झालं. ईरा नाव ठेवलं.

परवा दुपारी मी कामासाठी सरांना फोन लावला, तर उचलला मुग्धाने. मागे रडारड चाललेली.

"ताई, जरा नंतर करता का? आज ईराची लस होती, पप्पाही दवाखान्यात आलेत. रडणं थांबतच नाहीये."

मी म्हटलं, "अगं, एवढंसं बाळ ते. रडणारच."

ती म्हणाली, "ईरा केव्हाच झोपली."