डोळ्याला पदर न लावणारी बाई

“रुमाल खिशातच ठेवा, पावणं. भाईर काढला की पैसं द्यायचं.”

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मिरची कांडायचा डंक होता, आणि हे त्याच्या मालकीणबाईंचं ठरलेलं वाक्य. अट साधी होती. लोखंडी मुसळं तुमची मिरची कांडून संपवेपर्यंत डोळे न पुसता समोर उभं राहायचं. राहिलात तर कांडप फुकट. मार्चमधल्या एका रविवारी आम्ही दोघं नवरा-बायको पाच किलो मिरची घेऊन पहिल्यांदा गेलो. कांडपाचे दोनशे रुपये होत होते. पहिला किलो संपायच्या आत माझा रुमाल बाहेर आला, आणि दोनशे रुपये मोजून दिले. ही पैज कुणी जिंकल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. तालमीतले पैलवान शड्डू ठोकून आले आणि नाक ओढत गेले.

त्या मात्र मुसळांपासून हातभर अंतरावर स्टुलावर बसून, कोरड्या डोळ्यांनी मिरची पुढे सारत. “मिरचीत जलम गेला माझा. ती मला वळखती,” असं म्हणत. आम्हाला ते पटायचं. बाहेरगावचा पाहुणा आला की अंबाबाईचं दर्शन, तळ्यावरची भेळ आणि मग आमच्या या डंकवाल्या वहिनींचे डोळे, असा आमचा कार्यक्रम असे. तुम्हीही आला असतात तर तुम्हालाही नेलं असतं.

पुढे त्यांची बोटं सकाळी वळेनाशी झाली. दुपारपर्यंत सैल व्हायची, संध्याकाळी अंगातलं सगळं बळ गळून जायचं. गुडघे सुजायचे आणि डॉक्टरकडे जायच्या दिवशी नेमके उतरायचे. “दाखवाय गेलं की दुखणं लपून बसतंय,” त्या म्हणायच्या, “पावणं आल्यावर शेंबडं पोरगं बसतंय तसं.” भाकरी रश्शाशिवाय घशाखाली उतरेना. त्यावर त्यांचे मालक म्हणाले, “मटण खायचं निमित्त हाय हे.” मालक वाईट नव्हते. मटणाची पिशवी घेऊन येताना तेच हे बोलत होते.

गल्लीनं आपापलं निदान केलं. कुणी वात म्हणालं, कुणी नजर. शेजारच्या मावशींनी नृसिंहवाडीला पाठवलं. परत आल्यावर वहिनी म्हणाल्या, “दत्तानं सगळं ऐकून घेतलं, पर आजाराचं नाव काय सांगितलं न्हाय.”

डॉक्टरांचंही तसंच. एकानं कॅल्शियम दिलं, दुसऱ्यानं रक्त वाढायचं औषध दिलं, तिसऱ्यानं वय झालं म्हणून सांगितलं. प्रत्येक वेळी तपासण्या व्हायच्या आणि सगळं नॉर्मल यायचं. मालक आनंदानं पेढे आणायचे. वहिनी तोंड पाडून बसायच्या.

“अवो वहिनी, चांगलं झालं की,” मी एकदा म्हटलं.

“काय चांगलं, भावजी? कागद म्हणतोय मी बरी हाय. मग ही जी दुखती, ती बाई कोण?”

हिशेब जुळत नसला की मला झोप येत नाही, आणि इथे तर एक धडधडीत माणूसच जुळत नव्हतं.

एका दुपारी आमची ही त्यांच्याकडे गेली, तर त्या डंकाच्या मागच्या खोलीत दार लोटून दहीभात खात होत्या. “जिभंची आग हुती वो,” त्या म्हणाल्या. “कुणाला सांगू नगा. डंकवालीला चटणी सोसंना म्हनल्यावर गिऱ्हाईक काय म्हणंल?” हिनं कुणाला सांगितलं नाही, म्हणजे फक्त मला सांगितलं. मग आम्ही दोघांनीच त्यांना सांध्यांच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण घाई नसलेल्या. बोटं दाबून झाल्यावर त्यांनी विचारलं, “डोळ्यांत पाणी येतं का?”

वहिनी खुर्चीत ताठ झाल्या. “कधीच न्हाय. ह्यांना इचारा. समदी गल्ली रडती, मी न्हाय.”

आम्ही दोघांनीही अभिमानानं माना डोलावल्या. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

“शेवटचं कधी रडलात?”

“सासूबाई गेल्या तवा.” मग थांबल्या. “न्हाय. तवाबी पाणी आलं न्हवतं. लोक काय म्हणतील म्हणून पदर घेतलता तोंडावर.”

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या पापणीत कागदाची एक बारीक पट्टी अडकवली. अश्रूंनी ती भिजायला हवी होती. पट्टी जवळजवळ कोरडीच बाहेर आली. पुढच्या रक्ततपासण्या झाल्या आणि आजाराला नाव मिळालं. शरीराचं रक्षण करणारी व्यवस्थाच शरीरावर उलटते. अश्रू आणि लाळ आटतात, सांधे धरतात. आटोक्यात राहतो, पण जात नाही. जे कोरडे डोळे आम्ही पाहुण्यांना नेऊन दाखवत होतो, ती त्यांची हिंमत नव्हती. ते दुखणं होतं.

त्या दिवशी पेढे वहिनींनी स्वतः आणले. घरोघरी समजावत फिरल्या, “माझ्या तालमीतलीच पोरं माझीच तालीम पाडाय लागल्यात.” मालकांच्या हातावर त्यांनी दोन पेढे ठेवले. “एक आजाराचा,” म्हणाल्या, “एक निमित्ताचा.” मालकांनी मान खाली घालून दोन्ही खाल्ले.

औषधांनी दुखणं कमी झालं, पण हात डंकाला पुरेनात. डंक राधानगरीकडच्या एका माणसाला विकला आणि दोघांनी जयसिंगपूरला मुलीकडे जायचं ठरवलं.

निघायच्या दिवशी त्या आमच्या पायरीवर टेकल्या. आमची ही कालपासूनच रडत होती. वहिनींनी कनवटीची पिशवी उघडून थेंबांची बाटली काढली, मान मागे टाकली. “थांबा, मीबी रडती. इकतचं हाय, पर बेस हाय.” थेंब जरा जास्त पडले, गालावर ओघळले, आणि त्यांनी सवयीनं नव्हे, पण सहज पदर डोळ्याला लावला.

मग तशाच थांबल्या. माझ्याकडे बघितलं.

“बघितलासा?”

“बघितलं.”

“हरले की मी.”

पिशवीतून शंभराच्या दोन नोटा काढून त्यांनी पुढे धरल्या. आमच्या हिनं मला डोळ्यांनी दटावलं. पण मी नको म्हटलं असतं तर ती आजारी बाई म्हणून दिलेली सूट झाली असती, आणि आजवर त्यांना कुणी सूट मागताना ऐकलं नव्हतं. माझं दुखणं खरं माना, एवढंच त्या सगळ्यांना सांगत आल्या होत्या.

मी नोटा घेतल्या. पाच किलोचं कांडप, रुपये दोनशे. देणार त्या, घेणार मी.