एकोणपन्नास चिठ्ठ्या

तोंडावर तिला सगळे मावशी म्हणत आणि पाठ वळली की मोजपट्टी. दोन्ही नावं तिला ठाऊक होती. चाळीस वर्षं कपडे शिवून पोट भरलेल्या बाईला लोक काय बोलतात ते कळतंच. मशीन थांबतं, लोकांची तोंडं थोडीच थांबतात?

वस्ती बावन्न घरांची, पत्र्याची आणि फळ्यांची. नगरपालिकेने ती पाडून माणसं गावाबाहेर नेऊन टाकायचं ठरवलं, तेव्हा लोकांनी हट्ट धरला: आम्ही इथेच राहणार, घरंही आम्हीच आखणार. पण आखायला आधी आहे ते मोजायला हवं. नकाशे काढणारी एक शिकलेली मुलगी आली खरी, पण तिचं तीन पायांचं यंत्र बोळात उभंच राहीना. मग मावशीने गळ्यातली टेप काढली.

चार महिने ती घरोघरी वाकून मोजत होती. दारं, मोऱ्या, कोणी बोळात किती पाय पसरलेत ते. शेजारच्या घड्याळजीची पायरी नऊ इंच बाहेर आलेली. त्याची बायको म्हणाली, "ताई, आठ लिहा की." मावशीने नऊच लिहिले. वर ऐकवलं, "उद्या आजारी माणसाला स्ट्रेचरवरून न्यायची वेळ आली तर तो एक इंच कुठून आणायचा?"

बरोबरच होतं तिचं. पण बरोबर असणं आणि आवडणं यांची सोयरीक फार क्वचित जमते.

नकाशा मंजूर झाला. चार घरांमध्ये एक अंगण, अशी तेरा अंगणं. कोणी कुठे राहायचं? वस्तीच्या समितीतला सुतार म्हणाला, "सोडत काढू, कटकट मिटेल."

मावशी उसळली. "जावई शोधताना दहा घरं पालथी घालता. तो निदान सासुरवाडीला कधीमधी येतो. शेजारी रोज उठून दिसणार! प्रत्येक घराने चिठ्ठीत दोन नावं लिहायची, कोणाच्या भिंतीला भिंत हवी त्यांची. चिठ्ठ्या मी आणि ही मुलगी उघडू. कोणी कोणाला लिहिलं ते बाहेर फुटणार नाही."

सगळ्यांना पटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

एकोणपन्नास चिठ्ठ्या आल्या. तिघांनी दिल्याच नाहीत. समितीच्या खोलीत मुलगी एकेक वाचत होती आणि मावशी कागदावर घराघरापुढे रेघा मारत होती. तिच्या स्वतःच्या चिठ्ठीत एकच नाव होतं, घड्याळजीच्या बायकोचं. तीस वर्षं दोघींच्या मध्ये फक्त एक फळी होती. दुसरं नाव सुचलंच नव्हतं.

घड्याळजीच्या बायकोने लिहिलेली चिठ्ठी निघाली. इस्त्रीवाली आणि धाकटी जाऊ. मावशीने इस्त्रीवालीपुढे रेघ मारली, जावेपुढे मारली आणि म्हणाली, "पुढची."

सगळ्या संपल्या. मुलीने कागदाकडे पाहिलं. "मावशी, तुमच्या नावापुढे एकही..."

"मला वाचता येतं."

मुलगी म्हणाली, "घड्याळजींच्या अंगणात चौथी जागा रिकामी आहे. तुम्हाला तिथे बसवू का? चिठ्ठ्या आपण दोघींनीच तर पाहिल्यात."

कोणाला पत्ता लागला नसता. मावशीने चिठ्ठ्यांचा गठ्ठा बांधला, सोडला, पुन्हा बांधला. "उद्या सांगते," म्हणाली आणि तडक घड्याळजीच्या दारात गेली. बायको कपडे वाळत घालत होती.

"वहिनी, माझं नाव का नाही लिहिलं?"

"अगं बाई! चिठ्ठीतलं बाहेर काढायचं नाही, हा नियम कोणाचा?"

"माझाच. सांगा आता."

"राग येईल तुम्हाला."

"तो येऊन बसलाय आधीच. पायरीवरून का?"

"पायरीचं काय घेऊन बसलात!" तिने ओली चादर झटकली. "ताई, तीस वर्षं मी माझ्याच घरात हळू बोलतेय. नवऱ्याशी भांडायचं तेही कुजबुजत. जरा आवाज चढला की पलीकडे तुमचं मशीन थांबतं."

"दोरा संपत असेल."

"दर वेळी माझ्याच भांडणाला?"

मावशीला हसू येता येता राहिलं.

"तुम्ही वाईट नाही हो," घड्याळजीची बायको म्हणाली. "माझ्या आजारपणात तुम्हीच धावून आलात, ते मी विसरले नाही. पण मरायच्या आधी एकदा पोटभर भांडायचंय मला."

मशीन थांबत होतं, हे खरंच. नवरा जाऊन अठरा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. फळीपलीकडे कोणी कोणावर ओरडलं की आपल्या खोलीत माणसं आल्यासारखी वाटायची. पण हे सांगायचं म्हणजे पदर पसरायचा, आणि तो तिने जन्मात कोणापुढे पसरला नव्हता.

"दोरीला मध्ये टेकू द्या," ती म्हणाली. "चादर मातीला लागतेय." आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिने मुलीला सांगितलं, "घड्याळजीच्या अंगणात पाववाल्याला घाल. ठार बहिरा आहे."

"आणि तुम्हाला?"

"चिठ्ठी न देणाऱ्या तिघांत. तेरावं अंगण."

त्या तिघांना ती नीट ओळखतही नव्हती. एक रात्रपाळीचा पहारेकरी, एक नवं जोडपं, आणि एक ट्रकवाला, जो महिनामहिना घरी नसे.

रविवारी शेजारच्या मोकळ्या मैदानात पांढरी फक्की टाकून नवी घरं खऱ्या मापात आखून पाहिली. माणसं आपापल्या चौकोनात जाऊन उभी राहिली. इथे चूल, इथे पलंग, असं हवेत हात करून एकमेकांना दाखवत होती. घड्याळजीची बायको तिच्या नसलेल्या मोरीत उभी राहून नवऱ्यावर खणखणीत आवाजात ओरडत होती, आणि तोही तितक्याच जोरात उत्तर देत होता.

तेराव्या अंगणात मावशी एकटीच होती. पहारेकरी झोपलेला, जोडपं कामावर, ट्रकवाला कुठे कोण जाणे.

मुलगी वही घेऊन आली. "दार गल्लीकडे काढू की अंगणाकडे? गल्लीकडे काढलंत तर जाता-येता सगळे दिसतील."

मावशीने गल्लीकडे पाहिलं. मग बाजूच्या तीन रिकाम्या चौकोनांकडे पाहिलं.

"अंगणाकडे," ती म्हणाली.

"नक्की?"

"एकदा सांगितलं ना? लिही."

मुलीने लिहून घेतलं आणि ती गेली. मावशी आपल्या चौकोनात, दार येणार होतं त्या जागी, ऊन डोक्यावर येईपर्यंत उभी होती. त्या दिवशी कोणी आलं नाही.