शास्त्रज्ञांचा पांढरा कोंबडा

आमच्या वर्तकनगरच्या कॉलनीत एक गृहस्थ होते. पिल्लू अंड्यात असतानाच त्याचा रंग त्यांना कळायचा, असं त्यांचं स्वतःचं म्हणणं होतं. अंदाज धडाधड चुकायचे, पण आवाज कधी खाली आला नाही. कॉलनी त्यांना 'शास्त्रज्ञ' म्हणायची. त्यातली थट्टा त्यांना कधी समजलीच नाही, उलट ते सुखावायचे.

वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झाल्यावर हुकूम सोडायला माणसं उरली नाहीत, म्हणून त्यांनी कोंबड्या पाळल्या. तळमजल्याच्या मागे जाळी ठोकून खुराडं केलं. मी वरच्या मजल्यावर राहायचे. कपडे वाळत घालायला खिडकीत आले की खालून हाक यायची, "अगं, या खेपेला सगळी पांढरी निघणार. लिहून ठेव!" कोंबडा पांढरा, कोंबडी पांढरी, मग पिल्लं पांढरीच, एवढंच त्यांचं शास्त्र. अंडी फुटली की त्यातून दोन-तीन तरी काळी पिल्लं चिवचिवत बाहेर यायची.

"कोंबडीतच खोट," ते लगेच सांगायचे. "कल्याणच्या बाजारातली ती. कुठल्या कोंबड्याबरोबर राहून आली असेल, कोण जाणे!" त्या रविवारी तिचं कालवण व्हायचं.

मग दुसरी पांढरी कोंबडी यायची. तिचीही काही पिल्लं काळी. मग तिसरी. कोंबडा मात्र तोच. न राहवून मी एकदा म्हटलं, "काका, कोंबड्या इतक्या बदलल्यात, एकदा कोंबडा बदलून बघा की. पांढऱ्या पिसांखाली काळा रंग दडलेला असतो म्हणे."

"त्याचा रंग दिसतोय ना स्वच्छ? डोळे तपासून घे जा."

एक गुण मात्र मान्य करायला हवा. खुडूक कोंबडीला अंड्यांवर बसवताना त्यांचे हात फार हळुवार व्हायचे. तेवढा वेळ माणूस बरा वाटायचा. तोंड उघडलं की संपलं.

मुलाचं, निलेशचं, लग्नही त्यांनी याच पद्धतीने जमवलं. सावळ्या म्हणून किती मुली नाकारल्या! शेवटी सायली पसंत पडली, गोरीपान. पोह्यांची बशी हातात असतानाच म्हणाले, "नातवंडं केतकीच्या रंगाची होणार. लिहून ठेवा." सायलीने तेव्हाच उठून जायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.

मुलगी झाली, ती सावळी. टपोऱ्या डोळ्यांची, गोड. हॉस्पिटलात मीही गेले होते. शास्त्रज्ञांनी दुपटं बाजूला केलं आणि सायलीकडे रोखून बघत सगळ्यांसमोर म्हणाले, "आमच्या घरात असा रंग नाही."

ओली बाळंतीण ती, तिने दुपटं पुन्हा बाळावर ओढून घेतलं. जन्मात नवऱ्यापुढे आवाज न चढवलेल्या काकू तेव्हा बोलल्या, "नाही कसा? तुमच्या आईचा होता. फोटोत काळ्या दिसतात म्हणून तुम्हीच तो माळ्यावर टाकलात ना?"

"आईचा विषय काढायचा नाही," एवढं बोलून ते निघून गेले.

सायलीने एकच मागितलं. जे बोललात ते बारशाला सगळ्यांसमोर मागे घ्या. बारसं डोंबिवलीत झालं, निलेशने घेतलेल्या भाड्याच्या घरात. मुलीला पाळण्यात घातलं, नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. शास्त्रज्ञ आले नाहीत. काकू गेल्या त्या तिकडेच राहिल्या.

गेल्या महिन्यात मी कॉलनी सोडली. निरोप घ्यायला खाली गेले, तर ते खुराड्यासमोर एकटेच बसले होते.

"डोंबिवलीला जातेस ना अधूनमधून?" त्यांनी विचारलं. "पोरगी आता उजळली असेल, नाही?"

म्हातारा एकटा पडलाय, कीव येईल, असं वाटलं होतं. कीव नाही, किळस आली.

"नाही काका, सावळीच आहे," मी म्हटलं. "बालवाडीत जाते. परवा तिने घरातल्या सगळ्यांचं चित्र काढलं. आई, बाबा, आजी आणि शेजारची मांजर."

मी आणखी काही सांगेन म्हणून ते माझ्याकडे बघत राहिले. चित्रात आणखी कोणी नव्हतं.