देवरावांच्या संत्र्याची बुरशी

आमच्या शेजारचे देवराव भिलाईच्या पोलाद कारखान्यात, कोळशाच्या भट्ट्यांवर, कोक ओव्हनमध्ये होते. दिवसभर भट्टीची धग सोसायची आणि घरी आलं की चहाच्या आधी मागच्या अंगणात. तिथं त्यांचं संत्र्याचं झाड होतं, काटोलच्या सासुरवाडीहून आणलेलं. भिलाईत संत्रं येत नाही, असं आमची सारी रुआबांधा वस्ती सांगायची. ब्याण्णव साली, सहाव्या वर्षी, झाड फुलांनी भरलं आणि त्याच महिन्यात बुंध्यातून डिंक गळू लागला.

"मुळं सडून राहिली, वहिनी. हे गेलं तर दुसरं लावाले उमर नाही मले," देवराव मला म्हणाले. सुट्टीच्या दिवशी रायपूरच्या शेतकी कॉलेजात गेले ते एक पुडी घेऊन, नाचतच आले. "औषध भेटलं! जिवंत औषध!" ते ओल्या शेणखतात कालवलं, कोपऱ्यात सावलीला ओलं पोतं झाकून ठेवलं. पंधरा दिवसांनी मुळाशी घालायचं होतं.

बाराव्या दिवशी मी आणि त्यांची बायको रुक्मा कुरडया घालत होतो. पोतं उचलून बघतो तर खतावर पांढरी-हिरवी बुरशी! पापडाला बुरशी दिसली की ऊन दाखवायचं, हीच आमची सवय. खत सगळं उन्हात पसरलं.

तीन वाजता देवराव आले. "हे काय करून राहिल्या?"

"भाऊजी, औषधाले बुरशी लागली होती."

"अवं, बुरशीच औषध आहे! मुळं सडवणाऱ्या बुरशीले ते खाते! मेली असन आता उन्हात."

"मंग सांगाचं होतं ना!" रुक्मा उसळली. "आमी काय कॉलेजात गेलो होतो?"

मला तर रडूच आलं. गजानन महाराजांचं नाव घेतलं आणि कोपऱ्यातली जमीन खुरप्यानं खरवडली. तळाशी चिकटलेली ढेकळं ओलीच होती, हिरवीगार!

"जित्ती आहे! जित्ती आहे!" देवराव ओरडले. "रुक्मा, गूळ आण!" गुळाचं पाणी, नवं शेणखत, त्यात ती ढेकळं. पोत्यावर खडूनं लिहिलं, 'हात लावू नये'. रुक्मा म्हणाली, "आता पोत्याचीच पूजा करा."

पंधरा दिवसांनी ते खत मुळाशी घातलं, तरी पानं गळतच होती. मी रोज भिंतीवरून पाहायची, विचारायची हिंमत नव्हती.

वैशाखात एका सकाळी हाक आली, "वहिनी! पळा!" डिंक वाळून खडा झाला होता आणि फांद्याफांद्यांवर पोपटी पालवी! देवराव एकेक कोंब बोटानं मोजत होते, चुकत होते, परत मोजत होते. पुढच्या दारात रुक्मा सायकल धरून ओरडत होती, "अवो, भोंगा होऊन गेला!" पण त्यांना कुठलं ऐकू येतंय!