अकरा धोतरं अन् लाल गालिचा

इंझोरीच्या दौलतसिंग पाटलाच्या बैठकीत लाल लोकरीचा गालिचा होता. अख्ख्या गावात एकच. बसाले पाटील, अन् जीव लावाले चतुराबाई. वीस वर्सं तिनंच तो सांभाळला.

ती मायी शेजारीन. बोलनं तिखट, पन कामाले नाव ठेवाची सोय नाही. गालिचा उलटा टाकून पाठीवर काठी हाने, सारी धूळ खाली. मंग रिठ्याच्या थंड पान्यात फडकं पिळून पुसे, सावलीत वाळवे. कसर लागू नये म्हनून कडुनिंबाचा पाला घालून गुंडाळून ठेवे. कोनी घडी घातली तर वसकन अंगावर जाये. पाटलीन कमलीबाईनं तिले शब्द देल्ला होता, "तुया हिरीच्या लग्नात वऱ्हाड याच गालिच्यावर बसन." बिनबापाची पोर, मानानं सासरी जावी, एवढ्यासाठी चतुरा राबली.

चोपन सालच्या उन्हाळ्यात हिरीचं जमलं, धनजच्या रामधनच्या पोराशी. लग्नाले आठ दिवस होते अन् पाटलाच्या पाहुन्यानं गालिच्यावर तेल सांडलं. कमलीबाई म्हने, "उकळत्या पान्यात सोडा टाक अन् घासून काढ."

"बाई, रंग फुटीन. चार दिवस द्या, थंड पान्यानं काढून देईन."

"मले शहानपना कायले शिकवतं? सांगतलं तसं कर!"

केलं बिचारीनं. अंगनभर लाल पानी. अन् कमलीबाईनं गल्लीत बोंब ठोकली, चतुरानं गालिचा नासला म्हनून. लाज कशी वाटली नाही त्या बाईले! वरून म्हने, "ने आता, पोरीच्या लग्नात वापर. आमाले नको."

मी म्हनलं, "चतुरे, फेक तो. सतरंजी मागून आनू."

"वीस वर्सं वाट पाह्यली बाई याची," म्हने. तिनं तो वाळवला, कोरडं फडकं घासून पाह्यलं. रंग लागला नाही. तिचं मन मानलं.

पन आपल्याकडं वऱ्हाडाचे पाय धुतल्याबिगर बैठकीवर कोन बसवते? हे ना तिच्या ध्यानात आलं, ना माया. अकरा मानकरी ओल्या पायानं मांडी घालून बसले. अक्षता पडल्या, उठले, तर पांढऱ्या धोतरांले मागून लालभडक डाग! पोट्टे खिदळले. रामधन पेटला, "आमची इज्जत काढाले बलावलं काय? धोतरं पांढरी झाल्याबिगर मी हलत नाही!"

कमलीबाई तिथंच होती. पदर तोंडाले लावून म्हने, "मी तिले म्हनलंच होतं." सोड्याचं नाव काढलं नाही. लग्नघर नसतं तर मी तिथंच साऱ्यांपुढं खरं सांगतलं असतं.

मानकरी पंचे गुंडाळून बसले. चतुरा धोतरांचं गाठोडं अन् रिठे घेऊन विहिरीवर गेली. इकडं रामधनच्या बायकोनं हट्टच धरला, दिवस बुडाच्या आत नवरीची गाडी सुटलीच पायजे. मानसं मागून येतीन. हिरी आईले हाका मारून मारून रडे. मी विहिरीवर धावत गेली.

चतुरा दहावं धोतर घासून राह्यली होती. बोटं सोलली होती.

"चाल वं, पोरगी निघाली! गळ्यात तरी पडू दे तिले!"

तिनं मान वर केली नाही. "एक डाग राह्यला तर जलमभर तिले टोमने मारतीन," म्हने, अन् अकरावं पान्यात बुडवलं.

गाडी सुटल्याचा आवाज आला. मी मोठ्यानं रडली. ती घासत राह्यली.